जुन्या घराची दुरुस्ती आणि जुन्या धाटणीचं नवं घर: नवशिक्यांनी कुठून सुरू करायचं

जुनं घर ताब्यात आलं की लोकांचे हात शिवशिवायला लागतात. पहिल्याच महिन्यात प्लास्टर खरवडून काढायचं, खिडक्या भंगारात द्यायच्या, ओल दिसली की त्यावर सिमेंट फासायचं, आणि मग दोन-तीन वर्षांनी तीच ओल हातभर वर चढली की म्हणायचं जुनी घरं अशीच असतात. नसतात हो. जे घर शंभर-दीडशे वर्षं उभं आहे त्यात वजन खाली कसं जाणार आणि पाणी बाहेर कसं जाणार याची सोय कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते, ती समजली की दुरुस्तीतले निम्मे घोळ टळतात. जुन्या धाटणीचं नवं घर काढतानाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात, म्हणून दोन्ही विषय एकत्रच घेतलेत.

आधीच सांगतो, इथलं सगळं वीट, दगड, माती, चुना आणि लाकूड यांच्या घरांबद्दल आहे. आरसीसी फ्रेमचं घर असेल तर त्याचं दुखणं वेगळं, तिथे आतल्या सळया गंजणं हा मुख्य विषय असतो आणि उपायही वेगळे.

१. आधी काही पाडू नका, नुसतं बघा

जमत असेल तर कामाला हात लावण्याआधी घर सगळ्या ऋतूंत बघून घ्या. एवढी सवड नसेल तर निदान एक मुसळधार पाऊस तरी घराबाहेर छत्री घेऊन उभं राहून बघा, पन्हळीतून पाणी कुठे उडतंय, कुठल्या कोपऱ्यात भिंतीवरून ओघळतंय, जोत्याजवळ साचतंय का वाहून जातंय. घराच्या आत बसून चार दिवस डोकं खाजवण्यापेक्षा हा अर्धा तास जास्त शिकवतो.

मग नोंदी. प्रत्येक खोलीच्या प्रत्येक भिंतीचा समोरून सरळ फोटो, शक्यतो मोजपट्टी किंवा काठी भिंतीला टेकवून, म्हणजे पुढे मापाचा अंदाज येतो. छत, जमीन, जिना, बिजागऱ्या, कड्या सगळं. घराचा प्लॅन १:५० ला काढा (म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे घरातले ५०) आणि खिडकीची चौकट, खांबाचं डोकं, कठडा असल्या गोष्टी १:५ ला. ड्रॉइंग येत नसलं तरी काढा, कारण काढताना डोळा जिथे जातो तिथे नुसतं बघताना जात नाही, एखादी भिंत दुसरीपेक्षा जाड का आहे किंवा एकाच खोलीत दोन वेगळ्या रुंदीच्या फळ्या का आहेत हे तेव्हाच लक्षात येतं. दार-खिडक्या काढायची वेळ आलीच तर प्रत्येक झडपेवर नंबर टाका आणि तोच नंबर प्लॅनवर टाका, नाहीतर नंतर जोड्या जुळवत बसाल.

घराचा कुठला भाग कधीचा हे कळायला कागदपत्रांपेक्षा खिळे कधी कधी जास्त खरं बोलतात. हाताने ठोकून घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो आणि डोक्यावर हातोडीच्या घावाचे पैलू असतात. पत्र्यातून मशीनवर कापलेला खिळा दोन बाजूंनी सरळ आणि दोन बाजूंनी निमुळता, हे अठराव्या शतकाच्या शेवटापासून यायला लागले. गोल तारेचा, आपण रोज वापरतो तो, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाला. लाकडावरच्या करवतीच्या खुणाही बघा, सरळ रेघा असतील तर हाताची किंवा वर-खाली चालणारी करवत, गोलाकार चापासारख्या रेघा असतील तर गोल पात्याची, म्हणजे बरीच नंतरची. एका खिळ्यावरून काही ठरवायचं नाही, खिळे बदललेले असतात, लाकूड दुसऱ्या घरातून आणलेलं असतं, पण पाच-सहा खुणा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

घर वारसा यादीत असेल किंवा तो भाग संरक्षित असेल तर परवानगी आधी घ्या, काम सुरू करून नंतर नाही. बऱ्याच ठिकाणी दर्शनी भागाचा रंग बदलायलाही परवानगी लागते.

२. नक्की काय करायचंय ते ठरवा

लोक सगळ्यालाच रिस्टोरेशन म्हणतात पण त्यात चार वेगळी कामं आहेत. आहे तसं टिकवणं हे एक. जुनेपण राखून आजच्या राहणीला जमेल असे बदल करणं हे दुसरं. एखाद्या ठराविक काळात घर जसं होतं तसं परत आणणं, म्हणजे नंतरची भर काढून टाकणं, हे तिसरं. आणि जे पार नाहीसं झालंय ते नव्याने उभं करणं हे चौथं. राहतं घर असेल तर शंभरातल्या नव्वद जणांना दुसरं हवं असतं आणि ते उगाच तिसऱ्याच्या मागे लागतात असं माझं मत आहे.

यावरची भांडणं जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा आर्किटेक्ट व्हिओले-ल-द्युक म्हणायचा की इमारत पूर्णत्वाला न्यायची, मग ती तशी पूर्वी कधी नसली तरी चालेल. इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन याच्या सपशेल उलट, त्याच्या लेखी रिस्टोरेशन म्हणजे शुद्ध नासधूस. त्याच विचाराने विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली, रोजची निगा राखा आणि खरवडू नका हे तिचं म्हणणं. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, लिहिलं गेलं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोरेशन थांबलं पाहिजे, आणि नवा भाग जुन्याशी जुळावा पण नीट बघणाऱ्याला वेगळा ओळखू यावा. तरीही अपवाद आहेत. दुसऱ्या महायुद्धात वॉर्साचं जुनं शहर जमीनदोस्त झालं आणि पोलिश लोकांनी ते चित्रकार बेलोत्तोची अठराव्या शतकातली चित्रं आणि युद्धाआधी काढलेली ड्रॉइंग समोर ठेवून परत बांधलं, १९८० मध्ये ते जागतिक वारसा यादीतही आलं. जपानमध्ये इसेचं देवस्थान ठरल्याप्रमाणे दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, तिथे लाकडापेक्षा सुताराच्या हातातली विद्या जुनी मानतात.

तुमच्या कामापुरता यातून एवढाच नियम घ्या की जे काढताय ते परत लावता येईल असं काढा आणि जे लावताय ते उद्या कुणाला काढता येईल असं लावा.

३. पाणी

आता मुख्य विषय. जुनी भिंत पाणी अडवत नाही, ती पाणी पिते आणि परत सोडते. जाड भिंत पावसात थोडी भिजते, उन्हा-वाऱ्यात सुकते, आणि हे वर्षानुवर्षं चालतं कारण विटेच्या मधला चुना आणि वरचा गिलावा दोन्हींतून वाफ बाहेर जाऊ शकते. त्यावर सिमेंटचं प्लास्टर किंवा प्लॅस्टिकसारखा रंग चढवला की पाणी शिरायचं थांबत नाही (बारीक चीर पडतेच) पण निघायची वाट बंद होते. मग ते आतल्या बाजूने किंवा वरच्या बाजूने बाहेर यायला बघतं आणि जाताना क्षार सोडून जातं. भिंतीला लोणा लागतो तो असा.

त्यामुळे ओल दिसली की केमिकलवाल्याला फोन करण्याआधी बाहेर जाऊन हे बघा. पन्हळ तुंबलीये का, तिचा उभा पाइप फुटलाय का, पाइपाच्या मागची भिंत हिरवी झालीये का. बाहेरची जमीन वर्षानुवर्षं भर पडून वर आलीये का, कारण ती आतल्या फ्लोअरच्या बरोबरीला किंवा वर आली असेल तर भिंतीला ओल येणारच. बाहेरची माती आतल्या फ्लोअरपासून निदान १५० मिलिमीटर खाली हवी आणि उतार भिंतीपासून लांब जाणारा. भिंतीला चिकटून फरशी किंवा काँक्रीट घातलंय का, कारण मग जमिनीतली वाफ दुसरीकडे कुठे जाणार, भिंतीतच. या तीन-चार गोष्टी ठीक केल्या तर निम्म्याहून जास्त वेळा ओल स्वतःहून कमी होते, पण जाड भिंत सुकायला महिने लागतात, पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून घाबरून जायचं नाही.

ओल मोजायचं ते दोन पिनांचं मीटर असतं ना, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते पाणी मोजत नाही, वीज किती वाहते ते मोजतं, आणि क्षार साठलेल्या भिंतीत वीज जास्तच वाहते, म्हणजे भिंत बऱ्यापैकी कोरडी असली तरी मीटर लाल दाखवणार. ज्याला केमिकल इंजेक्शन (ओल अडवायला भिंतीत भरायचं औषध) विकायचंय तो हेच मीटर तुमच्यासमोर भिंतीला लावतो. खात्री करायची असेल तर भिंतीत भोक पाडून आतला भुगा घ्यायचा, वजन करायचं, भट्टीत वाळवायचा आणि परत वजन करायचं, लॅबवाले हे करून देतात.

४. वजन

भेगांना लोक फार घाबरतात, आणि ज्या भेगेला घाबरायला हवं तिला घाबरत नाहीत. भेग किती रुंद आहे यापेक्षा ती हलतेय का हे महत्त्वाचं. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतची, पूर्वी कधीतरी पडून थांबलेली भेग बहुतेक वेळा दिसायला वाईट इतकीच असते, आणि केसाएवढी का होईना पण महिन्यागणिक वाढणारी भेग जास्त गंभीर. ओळखायचं कसं? भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा आणि बाजूला तारीख लिहा, भेगेच्या दोन बाजूंना दोन बारीक स्क्रू बसवा आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने दर महिन्याला मोजून वहीत लिहा. वर्षभर. मधेच निष्कर्ष काढू नका, कारण माती पावसात फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते, त्याबरोबर भेग उघडते आणि मिटते, ते चक्र पूर्ण व्हायला लागतं. भेगेच्या आतली कडही बघा, धूळ, जाळी आणि जुना रंग असेल तर भेग जुनी, कड धारदार आणि स्वच्छ असेल तर ताजी. भेग तिरकी आणि एका टोकाला रुंद होत जाणारी असेल, भिंत ओळंब्यात (म्हणजे सरळ उभी) नसेल, मधेच पोट सुटल्यासारखी फुगली असेल तर जुन्या इमारतींचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. हा अनुभव विचारून घ्या, कारण फक्त काँक्रीटची कामं केलेला माणूस बऱ्याचदा सगळं पाडून कॉलम उभे करा असंच सांगतो.

लाकडात बघायची पहिली जागा म्हणजे तुळईचं टोक, जिथे ती भिंतीत शिरते. मधून तुळई लोखंडासारखी टणक असते आणि भिंतीतलं टोक मात्र कुजून गेलेलं असतं. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि टोकापासून वीतभर अंतरावर दाबत दाबत भिंतीकडे जा. चांगल्या लाकडात तो वरवर टोचतो आणि काढताना लाकडाचा लांब तंतू निघतो, कुजलेल्यात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो आणि चौकोनी तुकडे पडतात. हातोडीने ठोकून आवाज ऐका, भरीव आणि पोकळ लगेच कळतं. किड्यांची भोकं दिसली म्हणजे कीड चालू आहे असं नाही, भोकाखाली फिकट रंगाचा ताजा भुसा पडतोय का ते बघा, खाली काळा कागद ठेवून द्या आणि काही आठवड्यांनी परत बघा. बुरशीने लाकूड कुजायला त्यातलं पाणी साधारण २० टक्क्यांच्या वर लागतं, म्हणून लाकूड कोरडं ठेवणं हाच मुख्य उपचार, औषध नंतर.

टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कुजलेला भाग आणि त्यापुढे थोडा चांगला भाग कापून त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या लांब सांध्याने जोडता येतो, किंवा बाजूंनी स्टीलच्या पट्ट्या बोल्टने आवळता येतात. चांगला सुतार आणि इंजिनिअर दोघं मिळून ठरवतील. काम चालू असताना खालून टेकू, हे सांगायला नको पण सांगतो.

५. चुना

इथे जरा थांबू या कारण नवीन लोक इथेच गडबडतात. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये घेतलं आणि घराघरात ते पोचायला विसावं शतक उजाडलं, त्याआधीच्या बहुतेक भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या आहेत. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की कळीचा चुना मिळतो, त्यावर पाणी घातलं की तो उकळून फुटतो आणि त्याचा विरलेला चुना होतो, आणि भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत चुनखडीच बनतो. हे काम हळू चालतं, ढोबळ हिशेबाने महिन्याला एक मिलिमीटर, आणि त्याला थोडा ओलावा लागतो. म्हणून घाईच्या माणसाचं आणि चुन्याचं जमत नाही. कळीचा चुना विरवताना गॉगल, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालाच, आणि चुना पाण्यात टाका, चुन्यावर एकदम पाणी ओतू नका, डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते.

एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हे प्रमाण खूप ठिकाणी दिसतं, त्यामागचं कारण साधं आहे, वाळूच्या कणांमध्ये साधारण एक तृतीयांश पोकळी असते आणि चुन्याने ती भरायची असते. वाळू चरचरीत हवी, बारीक-मोठे कण मिसळलेले, धुतलेली. गोल गुळगुळीत कणांची वाळू दिसायला छान, कामाला वाईट. पाण्यातही घट्ट होणारा चुना हवा असेल तर विटेची बारीक पूड घालतात, रोमन लोक इटलीतल्या पोत्झुओलीजवळची ज्वालामुखीची राख घालायचे, दोन्हीचं काम एकच. चुनखडीत मुळातच चिकणमाती असली तर तो चुना आपोआप पाण्यात घट्ट होतो हे १७५६ च्या सुमारास इंजिनिअर जॉन स्मीटनने इंग्लंडमधल्या एडिस्टोनच्या दीपगृहासाठी प्रयोग करताना शोधून काढलं. आज असा चुना पोत्यात मिळतो, नॅचरल हायड्रॉलिक लाइम, त्यावर २, ३.५ आणि ५ असे आकडे असतात, आकडा मोठा तितका चुना कडक. मऊ विटेला ५ नंबर घ्यायचा मोह टाळा. मजबूत म्हणजे चांगलं हा हिशेब इथे चालत नाही, विटांमधला मसाला, म्हणजे चुना-वाळूचं मिश्रण, विटेपेक्षा मऊ हवा, म्हणजे भिंत हलली किंवा क्षार आले तर मसाला झिजेल आणि वीट वाचेल. मसाला परत भरता येतो, झिजलेली वीट परत भरता येत नाही.

पॉइंटिंग, म्हणजे दरजा भरणं, नवशिक्याला शिकायला सगळ्यात बरं काम. क्रम असा. सैल झालेला जुना मसाला छिन्नी-हातोडीने काढा, ग्राइंडर लावू नका, एक क्षण हात घसरला की विटेची कड गेली आणि बारीक सांधे असतील तर घसरतोच. खोली सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट, म्हणजे १० मिलिमीटरचा सांधा असेल तर २० ते २५ मिलिमीटर आत. धूळ ब्रशने काढा, मग पाणी मारा, आदल्या दिवशी एकदा आणि भरायच्या आधी एकदा, भिंत ओलसर हवी पण पाणी गळत नसावं, कारण कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि मसाला भुसभुशीत होतो. मसाला घट्टसर, हातात गोळा राहील असा. थापीवर घेऊन पातळ पट्टीने आत दाबत दाबत भरा, मागे पोकळी राहू देऊ नका. विटेच्या तोंडावर लेपू नका. भरल्यावर लगेच गुळगुळीत करायचा नाही, थोडा आवळू द्या, अंगठ्याने दाबलं तर जेमतेम उमटेल असा झाला की ताठ केसांच्या ब्रशने वरून ठोका, म्हणजे वरची साय जाते, वाळूचा कण दिसायला लागतो आणि हवा आत जाते. मग ओलं गोणपाट टांगा आणि निदान आठवडाभर ओलं ठेवा. कडक ऊन, जोराचा वारा आणि बर्फाळ थंडी या तिन्हींत हे काम करू नका.

भिंत स्वच्छ करायची म्हणून वाळूचा मारा कधीही नको. भट्टीत भाजताना विटेच्या बाहेर जो टणक थर तयार होतो तो त्यात उडून जातो आणि आतली मऊ वीट उघडी पडते.

रंगाच्या जागी चुन्याची सफेदी. दुधाएवढी पातळ, ओल्या भिंतीवर, चार-पाच हात. पहिला हात मारला की भिंत जवळजवळ तशीच दिसते आणि लोक लगेच घट्ट करून मारतात, तसं करू नका, ओली असताना ती पारदर्शक असते आणि वाळेल तशी पांढरी होत जाते, घट्ट मारली तर खपल्या पडतात. रंग हवा असेल तर गेरू, पिवडी अशा मातीच्या रंगांची पूड घाला, चुन्यात टिकणारेच रंग चालतात.

६. खिडक्या, दारं, जुना रंग

जुनी खिडकी टाकून नवी बसवा असं सांगणारे दहा जण भेटतील. जुन्या खिडकीचं लाकूड बहुतेक वेळा सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडाचं असतं, वर्षवलयं दाट, तसं लाकूड आता सहज मिळत नाही. आणि ती खिडकी भाग सुटे होतील अशीच बनवलेली असते, खालचा आडवा भाग कुजला तर तेवढाच बदलता येतो, तावदानाच्या कडेला भरायला जवसाच्या तेलाची पुटी मिळते. जुनी काच किंचित लहरी असते, जपून काढा. वारा येतो ही तक्रार खरी असते पण तिला चौकटीच्या खाचेत पट्टी बसवून किंवा आतून दुसरं काचेचं झडप लावून भागतं.

जुना रंग घासण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासा. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, कित्येक देशांत त्याच्याही नंतर. शिसं असेल तर कोरडं घासणं आणि आचेने जाळणं दोन्ही बंद, ती धूळ लहान मुलांना फार बाधते. जुन्या पत्र्यात, पाइपाच्या आवरणात ॲसबेस्टॉस असू शकतं, ते स्वतः फोडू नका.

७. वायरिंग, प्लंबिंग, इन्सुलेशन

थोडक्यात. वायरिंगसाठी भिंतीत आडव्या खाचा पाडू नका, भार घेणारी भिंत त्याने कापली जाते, उघड्या पाइपातून वायर नेली तर वाईट दिसत नाही. कडीला, म्हणजे छत किंवा फ्लोअर पेलणाऱ्या आडव्या लाकडाला, भोक पाडायचंच असेल तर उंचीच्या बरोबर मध्यावर, आणि कडीच्या उंचीच्या पाव भागापेक्षा मोठं नाही, खालच्या कडेला खाच तर अजिबात नाही कारण ताण तिथेच असतो. इन्सुलेशन आधी छपराला आणि फटींना, भिंतीला सगळ्यात शेवटी, आणि भिंतीला करायचंच तर वाफ जाऊ देणारं, लाकडी तंतूंचे बोर्ड, हेम्प (भांगेच्या झाडाच्या काड्यांचा चुरा) आणि चुन्याचं मिश्रण असलं. फोमने भिंत आतून सीलबंद केली की तिसऱ्या भागात सांगितलेली सगळी रामकहाणी परत सुरू.

एकूण कामाचा क्रमही याच लॉजिकने लावा, छप्पर आणि पन्हळी, मग जमिनीचा उतार, मग भेगा-तुळया, मग दार-खिडक्या, मग वायरिंग, मग गिलावा, शेवटी रंग. लोक शेवटापासून सुरू करतात कारण रंगाचा फोटो चांगला येतो.

८. जुन्या धाटणीचं नवं घर

नवं घर जुन्यासारखं का दिसत नाही? खांब आहेत, कमानी आहेत, उतरतं छप्पर आहे आणि तरी बघताना काहीतरी खटकतं. बहुतेक वेळा खटकतं ते हे की वस्तू तिथे आहे पण तिचं काम तिथे नाही.

खांब घ्या. क्लासिकल, म्हणजे ग्रीक-रोमन पद्धतीत खांब वर जाताना बारीक होतो, वरचा व्यास खालच्याच्या साधारण पाच षष्ठांश, आणि उंची व्यासाच्या पटीत असते, खांबाच्या प्रकाराप्रमाणे टस्कनला सात पट, डोरिकला आठ, आयोनिकला नऊ, कोरिंथियनला दहा. वरची तुळई खांबाच्या मानेच्या, म्हणजे वरच्या बारीक भागाच्या, बरोबर रेषेत बसते. नव्या घरांत रेडिमेड पोकळ खांब आणून वर त्याच्याहून जाड किंवा मागे सरकलेली पट्टी बसवतात, मग खांब काही उचलत नाहीये हे न शिकलेल्या डोळ्यालाही कळतं. लाकडी खांब असेल तर तो थेट जमिनीवर कधीच उभा राहत नाही, खाली दगडी बैठक असते कारण लाकडाचं उघडं टोक पाणी ओढतं. नव्या घरात ती बैठक ठेवा, शोभेसाठी नाही, कारण लाकूड आजही पाणी ओढतंच.

कमानही तशीच. कमान दोन्ही बाजूंना ढकलते, म्हणून कोपऱ्यापासून तिला भरपूर भिंत लागते. घराच्या अगदी कडेला फूटभर भिंत ठेवून मोठी कमान काढली की ती कागदाची वाटते. खिडकीवर उभ्या विटांची रांग लावायची आणि ती आत लपवलेल्या लोखंडी अँगलवर टेकवायची, हेही तसंच, विटा हवेत तरंगतायत असं दिसतं.

छपराचा उतार सामानाने ठरतो. गवताला ४५ ते ५० अंश लागतात नाहीतर पाणी मुरतं, कौलांना त्याहून कमी चालतो, पत्र्याला अजून कमी. उथळ उतारावर गवती छपराचा देखावा केला की घर खोटं पडतं. पुढे आलेली पागोळी, खिडकीखालचा बाहेर झुकलेला दगड आणि त्याच्या पोटाला असलेली बारीक खाच, जोत्याची पुढे आलेली कड, ही सगळी पाणी भिंतीपासून लांब टाकायची साधनं आहेत. ती खाच विसरलात तर पाणी दगडाच्या खालून वळून भिंतीवरच येतं आणि वर्षभरात काळा ओघळ दिसतो.

भिंतीची जाडी हा पैशाचा प्रश्न आहे पण निदान खिडकी बाहेरच्या तोंडाशी बरोबरीत बसवू नका, शक्य तितकी आत घ्या, त्या सावलीनेच भिंत जाड वाटते. झडपा असतील तर मिटल्यावर खिडकी झाकेल एवढ्या रुंद हव्यात, म्हणजे प्रत्येक झडप खिडकीच्या निम्मी. काचेच्या मधे चिकटवलेल्या खोट्या पट्ट्या टाळा. आणि एका घरात एकच धाटणी ठेवा. आवडलेल्या पंचवीस घरांचे फोटो जमवण्यापेक्षा एकाच पद्धतीची चार-पाच घरं मोजा, खिडकीची रुंदी-उंची, दोन खिडक्यांमधली भिंत, जोत्याची उंची, पागोळी किती बाहेर, सगळं टेपने. मग ड्रॉइंग.

सामानातून रूप कसं निघतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे आर्किटेक्ट हसन फतींचं इजिप्तमध्ये लक्सरजवळचं न्यू गुर्ना हे गाव, १९४० च्या दशकातलं. लाकूड महाग आणि दुर्मिळ, म्हणून त्यांनी न्युबियातल्या गवंड्यांची पद्धत घेतली, मातीच्या विटांची कमानदार छतं, खाली लाकडी साचा न लावता, प्रत्येक रिंग आधीच्या रिंगेवर किंचित कलती टेकवत न्यायची. देखणं झालं. पण ज्यांच्यासाठी बांधलं त्या गावकऱ्यांना मुळात जुनी वस्ती सोडायची नव्हती आणि ते काम अर्धवटच राहिलं. म्हणून राहणाऱ्यांना स्वयंपाकघर कुठे हवं, गाडी कुठे लावणार, म्हातारी माणसं जिना चढणार का हे आधी विचारा, आणि गॅरेजचं मोठं दार दर्शनी भागावर न ठेवता बाजूला किंवा मागे न्या, त्या एका दाराने उरलेलं सगळं प्रमाण बिघडतं.

९. माणसं आणि करार

गवंडी आणि सुतार निवडताना त्यांचं पाच वर्षांपूर्वीचं काम बघायला जा, ताजं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. चुन्यात काम केलंय का विचारा आणि मसाल्यात थोडं सिमेंट घालू का असं तो स्वतःहून म्हणाला तर नम्रपणे दुसरा शोधा. करारात सामान नावानिशी लिहा, चुना कुठला, वाळू कुठली, प्रमाण काय, किती दिवस ओलं ठेवायचं. मुख्य कामाआधी मागच्या एखाद्या भिंतीवर एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून घ्या, तो पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग व पोत पसंत करा, चुन्याचा मसाला ओला असताना गडद आणि वाळल्यावर बराच फिका दिसतो. हा नमुना काम संपेपर्यंत पुसू देऊ नका, वाद झाला तर तोच पुरावा. बजेटचा एक हिस्सा अचानक निघणाऱ्या कामासाठी बाजूला ठेवा, फ्लोअर उघडल्याशिवाय खालच्या कड्यांची अवस्था कुणालाच कळत नाही.

काम संपल्यावर एक फाइल करा, त्यात मसाल्याचं प्रमाण, वाळूचा नमुना छोट्या पिशवीत, सफेदीतल्या रंगाचं वजन, वायरिंगचे फोटो झाकण्याआधीचे, उरलेली कौलं आणि विटा कुठे ठेवल्यात ते. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करायच्या, त्याच्या तारखाही त्याच फाइलमध्ये लिहीत जा.